मागच्या दाराची किल्ली गल्ल्यात नको

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, बाजाररोडवर तुमची २० बाय ५० फुटांची दुमजली इमारत आहे. खाली तुमचं कापडाचं दुकान, वरचा हॉल शिकवणीवर्गाला भाड्यानं दिलेला. समोर शटर, मागं एक लोखंडी दार, त्याला आतून कुलूप. जिना एकच, तोही समोरून. इंजिनियर म्हणतो मागून दुसरा जिना काढा आणि मागचं दार बदला. मिस्त्री म्हणतो एवढं मोठं शटर असताना दुसरं दार कशाला. शिवाय तुमचा मामेभाऊ गावाबाहेर मंगल कार्यालय बांधतोय, त्याचंही विचारलंय.

सरळ उत्तर आधी देतो. मागचं दार ठेवायचंच. ते १ मीटर मोकळं रुंद, २ मीटर उंच, बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आतल्या माणसाला किल्लीविना उघडता येईल असं हवं. वरच्या हॉलला दुसरा जिना हवा, इंजिनियरचं बरोबर आहे. आणि आज दुकान बंद करायच्या आधी मागच्या दाराचं आतलं कुलूप काढून टाका. बाकीचं काम दोन महिन्यांनी झालं तरी चालेल, कुलूप मात्र आजच.

कुलपाचा एवढा हट्ट का, ते सांगतो. मी २६ वर्षं यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या छोट्या गावांत दुकानं, गोदामं, हॉल बांधतोय. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका कापडदुकानात रात्री माल लावायचं काम चाललं होतं. शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलेलं, आत मालक आणि कामाची दोन पोरं. शटरच्या आतल्या अंगाला दिव्यांच्या माळांचं जोडकाम होतं. तिथं ठिणगी पडली आणि खाली लटकवलेल्या साड्यांनी पेट घेतला. सिंथेटिक कापड नुसतं जळत नाही, वितळतं, त्याचे पेटते थेंब खालच्या गठ्ठ्यांवर पडतात आणि धूर काळाकुट्ट निघतो. तिघं मागं पळाले. मागचं दार भक्कम, कुलूप त्याहून भक्कम. किल्ली गल्ल्यात होती आणि गल्ला आगीच्या पलीकडे. शेवटी हाताला लागलेल्या लोखंडी गजानं त्यांनी कोयंडा वाकवून तोडला. तिघं वाचले, एक जण आठ दिवस दवाखान्यात राहिला.

दुसऱ्या दिवशी इमारत बघायला मला बोलावलं होतं. त्या दाराच्या आतल्या बाजूला गजाचे घाव होते. काही घाव कुलपावर, काही वीतभर डावीकडं, काही हातभर वर. धुरात त्यांना कुलूप दिसतच नव्हतं, ते दारावर अंदाजानं मारत होते. तेव्हापासून दाराचं माप काढायच्या आधी मी किल्ली कुठं ठेवता ते विचारतो.

आता मिस्त्रीच्या म्हणण्याबद्दल. शटर मोठं आहे हे खरं, पण वर गुंडाळणारं किंवा बाजूला सरकणारं दार संकटकाळचं दार म्हणून धरत नाहीत. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ आहे, तिच्या चौथ्या भागात, आग आणि जीवसुरक्षेच्या, हे स्पष्ट लिहिलंय. कारण साधं आहे. शटरची स्प्रिंग सैल झाली, बाजूची पट्टी वाकली किंवा शटर अर्धं खाली असलं, की ते वर न्यायला ताकदीचा आणि सवयीचा माणूस लागतो. घाबरलेल्या बाईला, पोराला, नव्या गिऱ्हाइकाला ते जमत नाही. दुकान चालू असताना शटर पूर्ण वर आणि खाली घसरणार नाही अशी खिटी लावलेली असेल, तर ती वाट आहे. अर्धं ओढलेलं शटर ही वाट नाही. काही जण शटरमध्येच छोटं वाकून जायचं दार बसवतात. रात्रीच्या चौकीदाराला ते सोयीचं आहे, पण त्याच्या भरवशावर मागचं दार बंद करू नका.

आणि दुसरी गोष्ट, जी नकाशात दिसत नाही. आपल्याकडच्या दुकानात आग लागायची बहुतेक कारणं समोरच असतात. मीटर समोर, मेन स्विच समोर, इन्व्हर्टर आणि बॅटरी गल्ल्याखाली, सणासुदीची लायटिंग समोर, जिन्याच्या तोंडाशी उभ्या केलेल्या मोटारसायकली समोर. म्हणजे नेमकी जी एकमेव वाट, तिच्याच तोंडावर सगळं पेटण्यासारखं. तुमचं दुकान ५० फूट खोल, म्हणजे साधारण १५ मीटर. दुकानातल्या कुठल्याही कोपऱ्यापासून बाहेरच्या वाटेपर्यंतचं अंतर पक्क्या बांधकामात ३० मीटरच्या आत हवं, असं संहिता म्हणते. नुसत्या अंतराच्या हिशोबानं तुमचं एक शटर पुरतं. मिस्त्रीची बाजू एवढ्यापुरती खरी आहे आणि ती मी लपवत नाही. पण अंतर मोजताना आग कुठं आहे हे धरलेलं नसतं. म्हणून नियम सक्ती करो न करो, मागचं दार हवंच.

आता मापं. इथं मिस्त्री आणि इंजिनियर यांच्यात नेहमी घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

माणसं किती धरायची, याचा संहितेत कोष्टक आहे. तळमजल्यावरच्या दुकानाला दर ३ चौरस मीटरला एक माणूस, वरच्या मजल्यावर दुकान असेल तर दर ६ ला एक, शाळा-शिकवणीला दर ४ ला एक. तुमचं क्षेत्र १००० चौरस फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. खाली ३१ माणसं, वर कागदावर २३ विद्यार्थी. पण वर बाक किती टाकलेत ते तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. ६० पोरं बसत असतील तर हिशोब ६० चाच करायचा, कोष्टकाचा आकडा कमी येतो म्हणून खूश व्हायचं नाही. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये शिकवणीवर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत एका विद्यार्थ्यामागं किमान १ चौरस मीटर जागा धरलीय. हॉल भाड्यानं देताना करारात विद्यार्थ्यांची संख्या लिहून घ्या. दिवाळीत तुमच्या दुकानातही ३१ नाही, ८० माणसं असतात, हेही धरा.

दाराची रुंदी १ मीटरपेक्षा कमी नको. सपाट वाटेवर माणशी साडेसहा मिलिमीटर रुंदी धरतात, त्या हिशोबानं १ मीटरच्या दारातून दीडशे माणसं निघू शकतात, म्हणजे तुम्हाला ते भरपूर झालं. मग कमी का नको? कारण संकटात माणूस एकटा निघत नाही. आई पोराला कडेवर घेते, पोरगं म्हाताऱ्याचा दंड धरतं. दोघांना एका वेळी निघता आलं पाहिजे.

घोळ होतो तो "तीन बाय सात"मध्ये. आपल्याकडं दार म्हटलं की सुतार आणि फॅब्रिकेशनवाला ३ बाय ७ फुटांची चौकट बनवतो. ३ फूट म्हणजे ९१ सेंटीमीटर, तेही चौकटीच्या बाहेरून बाहेर. दोन्ही बाजूंचे खांब वजा केले की आत ७९-८० सेंटीमीटर उरतं. उघडलेल्या दाराची जाडीही थोडी वाट खाते. म्हणजे जे दार तुम्ही मीटरभराचं समजताय ते पाऊण मीटरचं निघतं. म्हणून ऑर्डर देताना "४ बाय ७ची चौकट, दार उघडल्यावर आत मोकळी वाट १ मीटर" असं कागदावर लिहून द्या आणि बसवायच्या आधी टेप लावा. सिमेंट भरल्यावर कोणी चौकट काढत नाही.

बाहेर उघडणारं कशाला, हे पुष्कळ जण विचारतात. दार आत उघडणारं असेल तर ते उघडायला एक पाऊल मागं यावं लागतं. मागं माणसं दाटलेली असली की ते पाऊल घेता येत नाही, आणि मागचे जितका जोर लावतील तितकं दार घट्ट बसतं. इंग्लंडातल्या संडरलँडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १८८३ साली १८३ मुलं अशीच दाराशी चेंगरून गेली. आगही नव्हती. जादूच्या खेळानंतर बक्षिसांसाठी मुलं जिन्यानं खाली धावली, खालचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं आणि थोडंसं उघडं ठेवून कडीनं अडवलेलं होतं. आतून ढकलल्यावर उघडणाऱ्या कडीची कल्पना तिथून पुढं आली.

तीच कडी, पॅनिक बार म्हणतात तिला, तुमच्या चोरीच्या प्रश्नावरही उपाय आहे. मला प्रत्येक गावात एकच वाक्य ऐकू येतं: "साहेब, मांगचं दार उघडं ठेवलं त एका रात्रीत दुकान खाली होऊन जाईन." ही भीती खोटी नाही, मी ती कधीच उडवून लावत नाही. पण दार उघडं ठेवायचं नाहीच आहे. बाहेरून त्याला मूठ नाही, कडी नाही, नुसता सपाट पत्रा. आतून कमरेच्या उंचीवर आडवी दांडी. आतल्या माणसानं अंगाचा भार टाकला की दार उघडतं, बाहेरच्याला ते भिंतीसारखं. ही दांडी काही हजारांत मिळते. गावातला फॅब्रिकेशनवाला "मी बनवून देतो" म्हणेल, पण इथं घरगुती जुगाड नको, तयार आणा. आतली जीभ जरा वाकडी बसली की पावसाळ्यात ती अडकते.

बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या बाहेर येतात, चोर त्यांचे खिळे कापू शकतो, ही शंकाही रास्त आहे. त्याला जुना उपाय आहे. दाराच्या बिजागरीकडच्या कडेवर १२ मिलिमीटर गजाचे दोन बोटभर तुकडे वेल्ड करायचे आणि चौकटीत त्यांच्यासमोर भोकं पाडायची. दार बंद झालं की ते तुकडे चौकटीत शिरतात. मग बिजागरी कापली तरी दार उपसून काढता येत नाही. याशिवाय दाराला चुंबकाचा छोटा भोंगा लावा, दार उघडलं की वाजतो. दिवसा कोणी माल घेऊन मागून सटकायची भीती असते, ती यानं जाते.

रात्री दुकान रिकामं झाल्यावर बाहेरून आणखी कुलूप घालायचं असेल तर त्यापुरता कोयंडा लावून घाला. फक्त एक शिस्त लावा. सकाळी पहिलं काम मागचं कुलूप काढायचं आणि ते गल्ल्याच्या मागच्या खिळ्यावर टांगायचं. ते तिथं लटकलेलं दिसल्याशिवाय गिऱ्हाईक आत घ्यायचं नाही. आणि आत कोणी झोपत असेल, माल लावत असेल, हिशोब करत असेल, तर बाहेरून कुलूप कुठल्याच दाराला नाही.

आता उन्हाळ्याचं. हे पुण्या-मुंबईच्या सल्लागाराला सांगून कळत नाही. होळी झाली की आपल्याकडं कूलर निघतात, आणि कूलरला बाहेरची हवा लागते, म्हणून तो कुठं बसतो? मागच्या दारात. दार काढून ठेवतात किंवा उघडं बांधून ठेवतात, दारात लोखंडी स्टँड, त्यावर कूलर, बाजूच्या फटी पुठ्ठ्यानं बंद. मृगाचा पाऊस पडेपर्यंत, चांगले तीन महिने, ते दार नसतंच. आणि हेच तीन महिने सगळ्यात धोक्याचे. पारा ४५ च्या पुढं, लाकूड-कापड-पुठ्ठा कोरडाठाक, वायरिंगवर कूलर-पंख्यांचा जास्तीचा भार, कूलरच्या ताट्यांमधला सुका भुसाही पेटायला तयार. मी तपासायला गेलेल्या दुकानांत मार्च ते जूनमध्ये निम्म्याहून जास्त मागची दारं अशीच बुजलेली पाहिलीत. म्हणून आता काम काढताय तर दाराशेजारी कूलरसाठी अडीच बाय अडीच फुटांची वेगळी खिडकी काढा, तिला बाहेरून जाळी, खाली कायमचा कठडा. वायर भिंतीतून जाऊ द्या, वाटेत जमिनीवरून नको. एका खिडकीच्या खर्चात तुमचं दार बाराही महिने दार राहील.

कापडदुकान आहे म्हणून आणखी एक. मागच्या दाराजवळची जागा ट्रायल रूमला वापरायची फार सवय आहे. एका दुकानात मी मागचं दार शोधत होतो आणि सापडेना. पडदा बाजूला केला तर समोर मीच. दारावर माणसाच्या उंचीचा आरसा लावलेला होता. बाहेर जायच्या दारावर किंवा त्याच्या वाटेवर आरसा नको, हे संहितेत वेगळं वाक्य घालून सांगितलंय, कारण धुरात आरशातली वाट खरी वाटते. ट्रायल रूम बाजूच्या भिंतीला न्या.

दारापलीकडं काय आहे, हे दाराइतकंच महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय मागं बोळ आहे. त्या बोळात आज काय आहे ते बघून या. बहुतेक ठिकाणी शेजाऱ्याच्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा ढीग, कुटाराची म्हणजे भुशाची पोती, जुनं बारदान, मोडकी गाडी आणि बोळाच्या टोकाला कोणीतरी बसवलेलं फाटक सापडतं. पऱ्हाट्या आणि कुटार म्हणजे निव्वळ सरपण. आगीतून निघून माणूस त्यात अडकणार असेल तर दार असून नसल्यासारखं. बोळ रस्त्यापर्यंत मोकळा हवा आणि टोकाच्या फाटकालाही कुलूप नको. शेजाऱ्याशी बोला, त्याच्याही पोराबाळांची तीच वाट आहे. बोळ नगरपरिषदेची सर्व्हिस गल्ली असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दार उघडल्याबरोबर खाली पायऱ्या नकोत. आपली दुकानं जोत्यावर असतात, मागं अडीच-तीन फुटांचा खड्डा. दाराबाहेर दाराच्या रुंदीइतका तरी सपाट ओटा हवा, आतल्या फरशीच्या पातळीवर, मग पायऱ्या. उंबरठा ठेवू नका. उंदीर, पाणी, विंचू-काटा येतो म्हणून उंबरठा हवा असं सगळे म्हणतात. दाराच्या तळाला रबरी पट्टी लावा, ओट्याला बाहेर उतार द्या, वर दोन फुटांचा छज्जा काढा, पाण्याचं काम भागतं.

दार लोखंडी पत्र्याचंच ठेवा. लाकडी दार आपल्याकडं श्रावणात फुगतं. "जोर लावा लागते, मंग उघडते" असं ज्या दाराबद्दल सांगावं लागतं ते दार पडताळणीत नापास. महागडं अग्निरोधक दार मागं बसवायची गरज नाही, ते थेट मोकळ्यावर उघडतंय. असा खर्च करायचा तर दुकानातून जिन्यात उघडणारं दार असेल तिथं करा, म्हणजे खालचा धूर वर चढणार नाही, आणि त्याला आपोआप बंद होणारा क्लोजर लावा. बिजागऱ्यांना तेल पोळ्याला एकदा, होळीला एकदा.

दिव्याचं थोडक्यात. दारावर हिरवी पाटी, धावणाऱ्या माणसाची, मराठीत "बाहेर जाण्याचा मार्ग". दाराच्या वर स्वतःची बॅटरी असलेला इमर्जन्सी दिवा, वीज गेल्यावर किमान ९० मिनिटं चालणारा. जागा कितीही छोटी असली तरी ही ९० मिनिटांची अट आहे. इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका, त्याची वायर आगीच्या बाजूनंच आलेली असते. धूर वर साचतो म्हणून वाटेच्या कडेनं गुडघ्याखाली अंधारात चमकणारी पट्टीही मी लावून घेतो, माणूस रांगत निघाला तर ती दिसते.

सगळं झाल्यावर एक परीक्षा घ्या. रात्री दिवे बंद करा. घरातल्या म्हातारीला नाहीतर दहा वर्षांच्या पोराला दुकानाच्या मध्यभागी उभं करा आणि काही न सांगता मागच्या दारानं बाहेर जायला लावा. अडखळले, शोधत बसले, दार ढकलता आलं नाही, तर काम राहिलंय. कंत्राटदाराचं शेवटचं बिल मी या परीक्षेनंतरच द्यायला सांगतो.

वरच्या हॉलबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी आहे. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला इमारतीतल्या शिकवणीवर्गात २२ विद्यार्थी गेले. वरच्या मजल्यावरून उड्या टाकणारी मुलं सगळ्या देशानं पाहिली. त्यांची खाली यायची वाट आगीनं आणि धुरानं बंद केली होती. तुमच्या इमारतीचं चित्र वेगळं नाही. एक जिना, त्याच्या खाली मीटर, तोंडाशी मोटारसायकली, आणि बहुधा खाली चॅनल गेट. शिकवणी चालू असताना पोरं पळू नयेत, बाहेरचं कोणी येऊ नये म्हणून सर त्या गेटला कुलूप लावतात का, हे उद्याच्या उद्या बघा. लावत असतील तर तुम्ही घरमालक म्हणून ते थांबवा. मालक आणि भोगवटादार, म्हणजे जागा वापरणारा, दोघांवरही कायद्यानं जबाबदारी आहे, "ते त्यांचं ते बघतील" असं म्हणता येत नाही.

शिकवणीसारख्या इमारतींना दोन जिने सक्तीचे होतात ते मजल्याचं क्षेत्र ५०० चौरस मीटरच्या वर गेलं की. तुमचं ९३ आहे. त्यामुळं इंजिनियर "नियमात आहे" म्हणत असेल तर नुसत्या या आकड्यावर ते बसत नाही. पण खाली कापडाचा साठा आणि वर ६० पोरं, ही जोडी बघून मी स्वतः दुसऱ्या जिन्याशिवाय हे काम हातात घेणार नाही. जिना मागून, बाहेरच्या भिंतीला, लोखंडी चालेल. तो सरळ हवा, रुंदी १.२५ मीटर, पायरी २५ सेंटीमीटर खोल, उंची १९ सेंटीमीटरच्या आत, कठडा १ मीटर उंच. फॅब्रिकेशनवाला जागा आणि पैसा वाचवायला गोल जिना सुचवेल. तो संहितेत मोजक्या माणसांसाठी आणि ९ मीटरपर्यंतच्या इमारतीलाच चालतो. ६० पोरं गोल जिन्यावरून पळत उतरत नाहीत, एकमेकांवर पडतात. जिना खालच्या दुकानाच्या खिडकीसमोरून नेऊ नका, खिडकीतून ज्वाळा बाहेर येतात.

वरच्या दाराशी चपलांचा ढीग असतो. ६० जोड म्हणजे दोन्ही दारांच्या तोंडावर अडथळ्याची शर्यत. भिंतीला कप्पे करून द्या. मागच्या जिन्याच्या दाराशी तर एकही चप्पल नको, तिथं बाक नको, सरांची मोटारसायकल खाली नको. मेमध्ये लोखंडी पायऱ्या अनवाणी पायाला भाजतात हेही खरं. पोरं त्यावर पाय ठेवायला कचरतात. वर पत्र्याची साधी सावली करा.

कागदपत्रांचं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. हा कायदा ज्या इमारतींना लागू होतो त्यांच्या मालकानं किंवा भोगवटादारानं परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून दरवर्षी जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा बी फॉर्म द्यायचा असतो. बांधकामाचा नकाशा डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनं, म्हणजे यूडीसीपीआरनं तपासला जातो. तुमच्या इंजिनियरनं वापराच्या रकान्यात वरचा मजला "शैक्षणिक" दाखवलाय की नुसता "व्यापारी", हे एकदा बघा. वापर बदलला की माणसांचा हिशोब आणि जिन्याची रुंदी दोन्ही बदलतात. अग्निशमन अधिकाऱ्यानं काही जास्तीचं सुचवलं तर ते लेखी मागून घ्या आणि करा. आपल्याकडं बंब कित्येकदा वीस-पंचवीस किलोमीटरवरून येतो, शिडीची गाडी तर नाहीच. तो पोचेपर्यंत आतली माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर आलेली असली पाहिजेत. फोन १०१ किंवा ११२.

आता मामेभावाचं मंगल कार्यालय. तो प्रकार वेगळा, कारण तिथं हिशोब दर दीड चौरस मीटरला एक माणूस असा, आणि खुर्च्या मांडल्या की त्याहूनही दाट. एकेक दार २ मीटर रुंद हवं, दोन पल्ल्यांचं, आणि दारं हॉलच्या वेगवेगळ्या बाजूंना. सगळी दारं समोरच्या एका भिंतीत असतील तर ती संकटात एकच दार. हरियाणातल्या डबवालीला २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेचं स्नेहसंमेलन एका मंगल कार्यालयात होतं. कापडी-प्लास्टिक मांडव पेटला, बाहेर जायची वाट अपुरी पडली, चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं आणि बायका. आपल्याकडची कार्यालयं बांधताना ठीक असतात, बिघडतात ती सजावटीत. स्टेजवाला मागच्या दारावर झालर ताणतो, केटरर बाजूच्या दारात गॅसच्या टाक्या आणि भट्टी मांडतो, बँडवाला तिसऱ्या दारात जनरेटर लावतो. नकाशातली चार दारं लग्नाच्या दिवशी एकावर येतात. म्हणून त्याला सांगा, प्रत्येक दाराबाहेर जमिनीवर ६ फूट बाय ६ फुटांची पिवळी चौकट रंगवून घे आणि बुकिंगच्या पावतीवर छाप: पिवळ्या चौकटीत काही मांडलेलं किंवा दारावर कापड ताणलेलं दिसलं तर ते काढल्याशिवाय हॉलची वीज चालू होणार नाही. ही अट वरपक्षाला नाही, डेकोरेशनवाल्याला आणि केटररला आगाऊ देतानाच वाचून दाखवायची, सही त्यांची घ्यायची.